मातकट लुगडं

परतूर,
कार्तिक वद्य पंचमी, शके १८६८

दादास,

गोजरचा दंडवत. एकोणीस वर्षांनी आलेलं पत्र कुणाचं म्हणून तू पाकीट उलटसुलट करून पाहशील, म्हणून नाव आधीच लिहिलं. अक्षर मात्र तुझंच आहे. जात्याभोवतीच्या पिठात बोटाने तू मला क, ख, ग काढून दाखवायचास आणि आई येण्याआधी पुसून टाकायचास. आपण ढ पर्यंत आलो आणि माझं लग्न झालं. पुढची अक्षरं मी पुड्यांच्या कागदांवरून आणि जुन्या पंचांगांवरून जुळवली. आता शाळेच्या कपाटातली पुस्तकं मास्तर मला घरी वाचायला देतात. ढ च्या पुढे मी बरीच गेले, पण वाटेला लावलंस तू. हे कधी बोलले नाही, म्हणून पहिल्यांदा तेच लिहिलं.

काम सांगते. माघात धाकट्याचं, धर्मराजचं लग्न आहे. थोरल्या बद्रीनाथच्या लग्नात मामाच्या जागी शेजारचे एक म्हातारे उभे केले होते. मुलीकडच्या एका बाईने विचारलं, "सख्खा मामा न्हाई का पोराला?" मी मांडवातून उठून चुलीकडे गेले. धर्मराजच्या मागे तू उभा राहावास, एवढंच मागणं आहे. पण ते मागायचं तर आधी त्या दिवसाचं बोलायला हवं.

तुझ्या बाजूने तो दिवस कसा होता मला माहीत नाही. माझ्या बाजूने असा होता. यांचा तेरावा. बद्री चार वर्षांचा, धर्मराज अंगावर पिणारा. तू जाफराबादेहून पायी आलास, दुखवट्याचं लुगडं घेऊन. विधवेला माहेरून मातकट नाहीतर पांढरं लुगडं यायचं, ही रीत. तू भावकीच्या समोर गाठोडं सोडलंस आणि आत हिरवं निघालं. नवरीला नेसवावं तसं हिरवं. इकडच्या भावकीत त्याचा एकच अर्थ धरतात: माहेरचे बाईला पाटाला उठवायला आले. बाई दुसऱ्या घरी जाणार, पोरं इथे राहणार. बायकांनी तोंडाला पदर लावले. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "आरं पुंजाराम, राख तरी निवू द्यायची व्हती!" तू लुगड्याकडे पाहिलंस, मग माझ्याकडे, आणि म्हणालास, "मातकटच हाय की."

उजेड लख्ख होता. सगळ्यांना हिरवं दिसत होतं आणि तू तोंडावर मातकट म्हणत होतास. चूक झाली म्हणाला असतास तर एक वेळ सोसलं असतं. मी तुला म्हणाले, या उंबऱ्यावर पुन्हा पाय ठेवू नकोस. तू उठून गेलास.

आता या आषाढातलं ऐक. धर्मराजने रेल्वेत फायरमनच्या जागेसाठी अर्ज केला होता. अंगाने धडधाकट, वाचायला येतं, पण डोळ्यांच्या तपासणीत नापास झाला. मला पटेना. बाजरीतला खडा पोरगा दारातून ओळखतो. मी त्याला घेऊन जालन्याला दवाखान्यात गेले. डॉक्टरांचं नाव गयासोद्दीन. मी म्हणाले, "माझ्या पोराची नजर घारीची आहे. तुमच्या कागदात काहीतरी घोटाळा झालाय."

ते रागावले नाहीत. लोकरीच्या लडींनी भरलेली एक पेटी त्यांनी टेबलावर उघडली, त्यातली हिरवी लड वेगळी काढली आणि धर्मराजला म्हणाले, "बेटा, इसके जैसी और निकालो."

धर्मराजने पटापट चार लडी काढल्या. दोन हिरव्या होत्या. दोन मातीच्या रंगाच्या.

मी म्हणाले, "आरं, नीट बघ!"

तो म्हणाला, "बघूनच काढल्या, आई. समद्या मातकटच हायेत की."

दादा, मी खुर्चीवरून उठले. तेच शब्द होते, आणि तुझाच आवाज. खोटं बोलणाऱ्याचा तो आवाज नसतो.

गोजर


परतूर,
मार्गशीर्ष वद्य द्वितीया, शके १८६८

दादास,

तुझं उत्तर नाही. राग असेल तर तो तुझा हक्क आहे. मी आपली लिहिते, कारण डॉक्टरांनी जे सांगितलं ते तुला कळायलाच हवं. ते तुझ्याबद्दल आहे.

त्या दिवशी मी त्यांना विचारलं, "हे कुणाच्या पापाचं?" ते हसले. म्हणाले, "कसूर किसी का नहीं, बाई. ये तो धागे का खेल है." मग औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर त्यांनी चित्र काढून दाखवलं. मास्तरांकडच्या एका पुस्तकातही तो भाग निघाला. मी तो चार वेळा वाचला. जेवढं समजलं तेवढं माझ्या शब्दांत लिहिते.

आपल्या अंगाचा कण न् कण म्हणजे बारीक खोल्या आहेत. एकेका खोलीत बारीक सुतं असतात. पुस्तकात त्यांना रंगसूत्रं म्हटलं आहे, कारण रंग घातल्याशिवाय ती भिंगाखालीही नीट दिसत नाहीत. ती जोडीजोडीने असतात. जोडीतलं एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. माणसात जोड्या किती, यावर मोजणाऱ्यांचं अजून भांडण मिटलेलं नाही, असं डॉक्टर म्हणाले.

आता लेकरू व्हायचं तर आईचं बीज आणि बापाचं बीज एक व्हावं लागतं. दोघांनी आपापली सगळी सुतं दिली तर पोरात दुप्पट होतील, नातवात चौपट. म्हणून बीज तयार होताना आधी निम्मं करून घ्यावं लागतं. ते कसं होतं ते मला फार आवडलं. जोडीतली दोन सुतं आधी एकमेकांजवळ येतात आणि अंगाला अंग लावून पडतात. तशी पडलेली असताना थोडे थोडे तुकडे अदलाबदल करतात. मग दोन बाजूंना जातात. त्यानंतर आणखी एकदा वाटणी होते. एकाचे चार भाग, आणि दर भागात जोडीतलं एकच सूत. बाईच्या पोटात त्या चारांतला एकच भाग बीज होतो, बाकीचे तीन सुकून जातात. कुणाच्या वाट्याला कोणतं सूत जाईल ते कुणाच्या हातात नाही.

मी घरी काळा करदोडा आणि पांढरं सूत घेऊन करून पाहिलं. दोन्हींची टोकं कापून एकमेकांना गाठ मारली आणि डोळे मिटून एक उचललं. दहा वेळा केलं. कधी काळं जास्त, कधी पांढरं. सासूबाई खाटेवर होत्या. त्यांच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू उतरलाय, पण कान शाबूत आहेत.

"काय करून राह्यली गं? जादूटोना?"

मी त्यांना समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे माह्या नातवात तुह्या आज्याचं सूत? आन् आमचं घरानं गेलं कुठं?"

"निम्मं तुमचंच आहे की, आत्याबाई."

"निम्मंच?" त्या कूस बदलून म्हणाल्या. "लई खर्चा केल्ता म्या लग्नात."

आज्याचं सूत कसं ते सांगते. रंग ओळखायची खूण एका ठरावीक सुतावर असते. बाईकडे त्या सुताची जोडी असते. एकावर खोट असली तरी दुसरं तिला झाकून घेतं. पुरुषाकडे ते एकच असतं, आणि ते आईकडूनच येतं. त्याचा जोडीदार म्हणून बापाकडून आलेलं आखूड सूत असतं, त्यावर ही खूणच नसते. मग खोट असली तर झाकायला कुणी नाही.

आईचे वडील आठवतात? वेशीवरच्या देवाला भगवं निशाण म्हणून ते हिरवं कापड बांधून आले होते आणि गावाने त्यांना भांग चढली म्हणून हसून घेतलं होतं. त्यांचं सूत आईत आलं. आईत झाकलेलं राहिलं. आईकडून ते तुझ्यात आलं, आणि माझ्यातही आलं. मला आपल्या बापाकडून धड सूत मिळालं म्हणून मला रंग दिसतात. तुला तो आडोसा मिळाला नाही. यात माझी हुशारी नाही आणि तुझा गुन्हा नाही. माझ्या पोटी बद्री आला तेव्हा धड सूत त्याच्या वाट्याला गेलं. धर्मराजच्या वेळी दुसरं.

आणि मिरच्या आठव. आई तुला पिकल्या मिरच्या तोडायला पाठवायची आणि तू टोपलीभर कच्च्या आणायचास. लाल मिरच्या झाडावर तशाच. किती मार खाल्लास त्यापायी! आळशी म्हणायची तुला. मग मी तुझ्याबरोबर यायला लागले. मी बोट दाखवायची, तू तोडायचास. आपण ते कधी बोललो नाही, पण करत होतो.

मुलीकडच्यांना मी सगळं सांगितलं. धर्मराजच्या मुलांना त्याचं हे सूत मिळायचं नाही, मुलींना मिळेल पण झाकलेलं राहील, आणि त्यांच्या पोरांत कुठेतरी निघेल. मुलीचे वडील रामकिसन पाटील विचार करून म्हणाले, "मंग लुगडी आमची पोरगीच निवडील. न्हाईतरी नवऱ्यानं निवडलेलं कोन नेसतं?" एवढ्यावर सोयरीक पक्की झाली. धर्मराज आता जिनिंगमध्ये लागला आहे. कापसाला रंग ओळखावा लागत नाही, असं तोच म्हणतो. आगगाडीवर गेला असता आणि तांबड्या दिव्याला हिरवा समजला असता, तर किती घरं बसली असती! त्या लोकरीच्या पेटीला मी मनात रोज हात जोडते.

ये रे दादा.

गोजर


परतूर,
पौष शुद्ध दशमी, शके १८६८

दादास,

तुझं कार्ड आलं. "तिथी कळव. येतो. लुगडं आननार न्हाई." एवढंच. मी ते बद्रीला दाखवलं, धर्मराजला दाखवलं, सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "शाना झाला."

तिथी माघ वद्य पंचमी. लग्न आपल्याच दारात आहे.

तू येतोस म्हणालास, तर आता एक गोष्ट लपवून ठेवता येत नाही. पहिल्या पत्रात मी लिहिलं की तू मातकट म्हणालास म्हणून मला राग आला. ते अर्धं आहे. उरलेलं अर्धं लिहायला दोन महिने लागले.

तू गाठोडं सोडलंस आणि हिरवं दिसलं, त्या क्षणी सासूबाईंनी माझ्या मांडीवरचा धर्मराज उचलून घेतला. बद्रीला चुलत जावेने हाताला धरून मागे ओढलं. तेवढ्यावरून मला समजलं. मी माहेरच्या बाजूने एक शब्द बोलले तर पोरं गेली. धर्मराज रडत होता. माझ्या अंगाला पान्हा फुटला होता आणि पोर दुसरीच्या कडेवर होतं.

आणि तू मातकट म्हणालास तेव्हा, दादा, मला मिरच्या आठवल्या होत्या. आज डॉक्टरांमुळे आठवल्या असं नाही, त्याच वेळी आठवल्या. सूत, जोडी, बीज यातलं मला काही माहीत नव्हतं, पण माझ्या दादाला कच्ची-पिकली ओळखू येत नाही हे माहीत होतं. तू खोटं बोलत नाहीस हे त्या अख्ख्या दारात एकटी मी जाणत होते. मी तसं सांगायला हवं होतं. मी सांगितलं असतं तर कुणाला पटलं असतं? भाऊबहीण मिळून बनाव करतात म्हणाले असते. म्हणून मी तुला घालवून दिलं. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. उंबऱ्यावर पाय ठेवू नकोस म्हणाले आणि सासूबाईंनी धर्मराज परत माझ्या मांडीवर ठेवला.

तुला देऊन मी माझी पोरं ठेवून घेतली. मग वर्षानुवर्षं स्वतःला सांगत राहिले की तू खोटारडा होतास, कारण तसं नसतं तर मला जेवण गेलं नसतं. पहिल्या भाऊबिजेला तू आला होतास. मी दाराची कडी आतून लावून बसले होते. तुझा खोकला ऐकला. तू गेल्यावर ओट्यावर शेंगांची पिशवी होती. शेंगा पोरांनी खाल्ल्या. मी एकही खाल्ली नाही, तेवढाच काय तो माझा मान.

ते लुगडं फेकून दे म्हणून मला सांगितलं होतं. मी फेकलं नाही. गोधडी शिवताना दोन थरांच्या मध्ये घातलं. वरून जुनं धोतर, खालून जुनं धोतर, मधे तुझं हिरवं. दोन्ही पोरं त्यावर झोपून मोठी झाली. थंडीत ती गोधडी सगळ्यात उबदार असायची. ती जड का, हे कुणी विचारलं नाही.

हे वाचून यावंसं वाटलं नाही तर येऊ नकोस. मी उलट काही बोलणार नाही. पण आलास तर लुगडं आण. मामाने आहेर आणायचा असतो. कुणाला विचारू नकोस, तूच निवड.

गोजर


परतूर,
फाल्गुन शुद्ध तृतीया, शके १८६८

दादास,

तुम्ही सुखरूप पोचलात हे वहिनीच्या निरोपावरून कळलं. बैलाचा पाय कसा आहे?

तू आलास. मंगलाष्टकांना धर्मराजच्या मागे उभा राहिलास. अंतरपाटाच्या या बाजूला तुम्ही दोघं एकामागे एक उभे होता आणि बायका म्हणत होत्या, "आगं, खांदं बघ, कान बघ, मामाच हाय दुसरा." मी खांदे-कान बघितले नाहीत. दोघांच्या आत ते एक सूत सारखं आहे, एवढं मला माहीत होतं. यांची आठवण रोज येते तशी तेव्हाही आली. ते असते तर तुला पाहून म्हणाले असते, "पुंजाराम, इतका उशीर?" आणि हसले असते. असं रडू मला चालतं. त्याची सवय आहे.

मांडवाच्या कोपऱ्यात तू जे बोललास ते मी लिहून ठेवते, नाहीतर पुढे मला खोटं वाटेल. मी विचारलं, "त्या दिवशी तू भांडला का नाहीस रे? एका शब्दाने भांडला नाहीस." तू तंबाखू मळत म्हणालास, "भांडनार व्हतो. तोंड उघडलं व्हतं. मंग तुह्या सासूनं पोरगं परत तुह्या मांडीवर ठिवलं. म्हनलं, हे बराबर झालं. आता म्या बोललो तर पुन्यांदा उचलतीन. म्हून गेल्तो."

एकोणीस वर्षं मला वाटत होतं की पोरं मी राखली. ती तू राखलीस. मी ओरडून राखली त्याहून जास्त तू गप्प बसून राखलीस.

आणि मी विचारलं की लुगडं घेताना दुकानदाराने रंग कसा सांगितला नाही. तू म्हणालास, "त्यो इचारत व्हता, कुनासाठी पायजे, कुनासाठी पायजे. माही भन रांडावली हे माह्या तोंडातून निघंना. नुसतं बोट दावलं."



आता तुला माहीत नसलेलं सांगते. जाताना तू गाठोडं माझ्या हातात दिलंस आणि म्हणालास, म्या वेशीबाहेर गेल्यावर सोड. साळूवहिनी कानाशी येऊन म्हणाल्या, "म्या काय सांगितलं न्हाई बरं का, वन्सं. यांनी मला दुकानाभाईर हुभं केल्तं." तुमची गाडी वेशीपार गेली आणि मी ओट्यावर गाठोडं सोडलं. पाव्हण्या बायका अजून होत्या. नवी सून होती. जावा होत्या.

दादा, ते हिरवं आहे. मागच्यापेक्षाही हिरवं.

बद्रीची बायको हसू आवरायला भांडी उचलायला लागली. नव्या सुनेने धर्मराजकडे पाहिलं. तो लुगड्याकडे पाहून आपला नेहमीसारखा उभा, त्याला त्यात काहीच वावगं दिसत नव्हतं. सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "काय आनलं गं पुंजारामानं? इतकं गप का समदे?"

मी लुगडं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी पोत चाचपला, काठ चाचपले.

"सूत भारी हाय. रंग कोंचा?"

मी म्हणाले, "मातकट."

त्यांनी लुगडं मांडीवर घेतलं आणि बराच वेळ त्यावरून हात फिरवत राहिल्या. ओट्यावर इतक्या बायका होत्या, पण एकीनेही दुसरा रंग सांगितला नाही. मग त्या म्हणाल्या, "मंग तवाचंबी मातकटच आसंल."

आणि लुगडं माझ्याकडे परत देत म्हणाल्या, "नेस की. ठिवून काय करतीस?"

मी ते नेसून हे पत्र लिहिते आहे.

तुझी
गोजर